पाव गुंठ्यातले माळवे



परतीचा पाऊस उघडतो, पहाटे गवतावर दहिवर पडू लागते आणि आपल्या ईटच्या शिवारात कामाची एकच झुंबड उडते. सोयाबीन काढायचे असते, उडदाच्या मोकळ्या रानाला पाळी घालायची असते, ज्वारीची पेर साधायची असते. अशा दिवसांत परसातल्या माळव्याचा विषय काढला, तर कारभारी हसतात. "साहेब, इथं भाकर खायला सवड नाही, अन् तुम्ही मेथीचं काय घेऊन बसलाय!" त्यांचे म्हणणे खोटे नाही. पण थंडीची भाजी लावायची वेळही हीच, ऑक्टोबरच्या पहिल्या आठवड्यापासून नोव्हेंबरच्या मध्यापर्यंतची. ती हुकली, तर पुढे कितीही बी टाका, पाणी जास्त लागते आणि भाजी कमी मिळते. काम एका दिवसाचे आहे, जागा पाव गुंठा लागते, आणि पाणी घरातलेच वापरायचे आहे.

भाजी विकत मिळते, मग लावायची कशाला, असे तरुण मंडळी विचारतात. मिळते, हे खरे. बाजाराच्या दिवशी दोन पिशव्या भरून आणल्या, की पहिले दोन दिवस पालेभाजी, पुढचे दोन दिवस वांगी-बटाटे आणि मग पिठले, नाही तर शेंगदाण्याची चटणी. भूम तालुक्यात दुधाला तोटा नाही. पण ते पहाटेच खव्याच्या भट्टीकडे जाते आणि घरात चहापुरते उरते. ज्वारी घरची, तुरीची डाळ घरची, दूध घरचे, तरीही भाकरीबरोबर कोरड्यास काय करावे हा प्रश्न माउलीला रोज पडतोच. २०१९ ते २०२१ मध्ये झालेल्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत आपल्या राज्यातील १५ ते ४९ वयाच्या शंभर स्त्रियांपैकी ५४ जणींच्या अंगात रक्त कमी आढळले. पाच वर्षांखालच्या मुलांचे प्रमाण त्याहूनही जास्त निघाले. याची कारणे अनेक आहेत आणि ज्यांचे रक्त कमी आहे त्यांनी दवाखान्यातून मिळणाऱ्या गोळ्या घेतल्याच पाहिजेत. पण घरात सर्वांत शेवटी जेवायला बसणाऱ्या बाईच्या ताटात भाजी उरत नाही, ही आपल्या घराघरांतली गोष्ट आहे. बाजारातली जुडी मोजून आणलेली असते, ती मोजूनच वाढली जाते. परसात उभा वाफा असला, की हात आखडत नाही.

आता पाण्याचे बोलू, कारण खरी अडचण तीच आहे.

आपले रान बालाघाटच्या माथ्यावरचे. पडलेला पाऊस खाली निघून जातो. १९७२ च्या दुष्काळात खायला धान्य नव्हते, लाल मिलो आणि सुकडीवर दिवस काढले, असे म्हातारी माणसे सांगतात. २०१३ आणि २०१६ च्या उन्हाळ्यात दुकानात धान्य होते, पण घागरी मांडून टँकरची वाट पाहावी लागली. आणि २०२५ च्या सप्टेंबरात भूम-परंडा भागात पाऊस असा कोसळला, की उभ्या पिकांसकट माती गेली. अशा मुलखात "परसबाग फुलवा" एवढे सांगून भागत नाही. पाणी किती लागेल आणि ते कोठून येईल, हे आधी सांगितले पाहिजे.

हिशेब सोपा आहे. थंडीच्या दिवसांत आपल्याकडे जमीन आणि झाडे मिळून दर चौरस मीटरमागे रोज सुमारे ४ लिटर पाणी हवेत उडवतात. एक गुंठा म्हणजे १०१ चौरस मीटर. त्याला रोज ४०० लिटर पाणी लागेल. पाव गुंठ्याला १०० लिटर पुरेल. जलजीवन मिशनमध्ये माणशी रोज ५५ लिटर पाण्याचे माप धरले आहे, म्हणजे सहा माणसांच्या घराला ३३० लिटर. नळाला रोज पाणी येत नाही, हे मलाही ठाऊक आहे. तरीसुद्धा सहा माणसांच्या आंघोळीला ९०-१०० लिटर पाणी लागतेच, आणि भांडी घासणे, भाजी-धान्य धुणे वेगळे. म्हणजे पाव गुंठ्याला पुरेल एवढे पाणी रोज आपल्या न्हाणीतून गटारात जाते. ज्याच्या घरी विहीर किंवा बोअर आहे त्याने खुशाल एक गुंठा लावावा. ज्याच्याकडे नाही, त्याने एक गुंठ्याचा मोह धरू नये. अर्धे वाळलेले मोठे माळवे लावण्यापेक्षा पुरे भिजलेले लहान बरे.

न्हाणीचे पाणी जसेच्या तसे सगळीकडे सोडायचे नाही. त्यात साबण असतो, आणि आपली जमीन मुळातच चुनखडीची. रोज साबणाचेच पाणी दिले, तर माती बसते, वरचा थर घट्ट होतो आणि पाणी जिरेनासे होते. म्हणून न्हाणीच्या तोंडाशी एक जुना माठ किंवा फुटका पिंप बसवावा. त्याच्या बुडाला भोक पाडून तळाशी खडी, तिच्यावर वाळू, मध्ये लाकडी कोळशाचा थर आणि वर पुन्हा वाळू भरावी. केस, मळ आणि साबणाची साय वरच अडते. पंधरा दिवसांनी वरची चार बोटे वाळू काढून धुऊन घालावी. असे गाळलेले पाणी कोबी, नवलकोल, वांगी, टोमॅटो आणि कुंपणावरचे वेल यांच्या मुळाशी सरीतून सोडावे, आणि तीन-चार पाळ्यांनंतर एक पाळी चांगल्या पाण्याची द्यावी. पालेभाज्या आणि गाजर-मुळा यांना मात्र न्हाणीचे पाणी नको. त्यांना डाळ-तांदूळ धुतलेले, भाजी धुतलेले, माठातले शिळे आणि हंड्याच्या तळाचे पाणी द्यावे. पाणी गढूळ असले तरी चालेल, फक्त त्यात साबण नसावा. तेवढ्याने भागले नाही, तर एखादी घागर चांगल्या पाण्याची घालावी. धुण्याच्या सोड्याचे, ब्लीचचे किंवा तान्ह्या मुलांची दुपटी धुतलेले पाणी शोषखड्ड्यातच जाऊ द्या. आणि कुठलेही सांडपाणी पिंपात दुसऱ्या दिवसावर ठेवू नका. वास येतो आणि डास होतात.

जागा निवडताना एक गोष्ट पुष्कळांच्या ध्यानात येत नाही. पौषात सूर्य दक्षिणेला कललेला असतो. पावसाळ्यात जिथे दिवसभर ऊन होते, ती घराच्या उत्तरेची जागा थंडीत भिंतीच्या सावलीत जाते. पूर्वी माळवदाची घरे ठेंगणी होती, तेव्हा चालून जायचे. आता स्लॅबच्या दुमजली घरांची सावली लांब पडते. म्हणून घराच्या दक्षिणेला किंवा पूर्वेला, निदान पाच-सहा तास ऊन येईल अशी जागा धरा. सावलीत मेथी उंच, पिवळी आणि बेचव होते, गाजर तर पोसतच नाही.

१५ फूट रुंद आणि १८ फूट लांब जागा घ्या. लांबीच्या मधोमध दोन फुटांचा दांड सोडा. दांडाच्या दोन्ही अंगांना प्रत्येकी चार वाफे, ३ फूट रुंद आणि ८ फूट लांब, आणि दर वाफ्याशेजारी एक फुटाची पायवाट. असे आठ वाफे बसतात. तीन फुटांपेक्षा वाफा रुंद नको, म्हणजे दोन्ही बाजूंनी हात पोचतो आणि वाफ्यात पाय द्यावा लागत नाही. 'उमेद'च्या बचतगटांनी गेल्या काही वर्षांत गावोगाव गोल पोषण परसबागा केल्या. दिसायला त्या छान असतात आणि त्यातून बायकांच्या हाताला सवयही लागली. पण बादलीने पाणी घालायचे असेल, तर माझे मत चौकोनी वाफ्याच्या बाजूने आहे. एका वाफ्याला दिवसाआड एक मोठी बादली, म्हणजे २० लिटर. रोज चार वाफे भिजवायचे, झाले ८० लिटर. उरलेले २० लिटर वेलांना आणि कोपऱ्यातल्या शेवग्याला. हिशेब तोंडी राहतो, आणि सासूने घातले की सुनेने, असा घोळ होत नाही.

वाफे जमिनीपेक्षा दोन बोटे खोल ठेवा आणि कडेला वरंबा करा, म्हणजे पाणी वाफ्यातच मुरेल. मात्र परतीचा पाऊस अजून रेंगाळत असेल आणि माती हाताला चिकटत असेल, तर वाफसा येईपर्यंत थांबा. ओल्यात खणलेल्या काळ्या मातीची ढेकळे वर्षभर फुटत नाहीत. परस मुरमाड असेल, तर गावतळ्याचा गाळ दोन पाट्या आणि वाळू एक पाटी, असे मिसळून वाफ्यात घाला. दर वाफ्याला एक घमेले चांगले कुजलेले शेणखत पुरते. उकिरड्याच्या वरच्या अंगाचे अर्धकच्चे शेण उचलू नका. त्यात हुमणी असते, आणि ताज्या शेणखतात गाजराला फाटे फुटतात. खव्याच्या भट्टीची राख आपल्याकडे फुकट मिळते, म्हणून ती पाट्या पाट्या भरून मातीत टाकणारे लोक मी पाहिले आहेत. तसे करू नका. राख अल्कधर्मी असते आणि आपली माती आधीच त्या बाजूला झुकलेली आहे. मावा आला तर सकाळच्या दहिवरावर पानांवर चिमूट-चिमूट धुरळावी, एवढाच तिचा उपयोग.

खणणे आणि काट्यांचे कुंपण हे पुरुषांचे एका दिवसाचे काम आहे. ते त्यांनी करून द्यावे आणि मग बाजूला व्हावे. बाभळीच्या किंवा बोरीच्या फांद्या आणि आतून जुन्या लुगड्यांचा पडदा, एवढे केले की शेळी आणि कोंबडी दोन्ही थांबतात.

आता बियाणे. तुळजाभवानीच्या नवरात्रात आपण घरोघर घट बसवतो. शेतातली माती आणून तिच्यात धान्य पेरतो आणि दसऱ्याला त्याचे कोंब पाहतो. बी उगवते की नाही, हे पाहण्याची ही जुनी रीत आहे. माळव्याच्या बियालाही तीच लावा. मेथीचे, पालकाचे, मुळ्याचे पन्नास दाणे ओल्या फडक्यात गुंडाळून ठेवा. आठ दिवसांत चाळीस उगवले तर बी उत्तम, पंचवीस उगवले तर दुप्पट पेरा, त्याहून कमी उगवले तर ते कोंबड्यांना घाला. पण औषध लावलेले, गुलाबी किंवा हिरव्या रंगाचे बी कोंबड्यांनाही घालू नका. त्या पुड्या स्वयंपाकघरातल्या डब्यांजवळही नकोत. जुने गाजराचे आणि कांद्याचे बी लवकर मरते. ते दरवर्षी नवे घ्यावे.

पालेभाजीत सर्वांत जास्त नासाडी कशाने होते, असे मला कोणी विचारले, तर मी म्हणेन, एकाच दिवशी पेरल्याने. मेथीची अख्खी पुडी एका सकाळी फोकून टाकायची. पंचवीस-तीस दिवसांनी सगळा वाफा एकदम तयार होतो. मग आठवडाभर रोज मेथी. पोरे कंटाळतात, शेजारीपाजारी वाटून होते, उरलेली फुलावर येऊन कडू होते आणि पुढचा महिनाभर वाफा रिकामा. त्याऐवजी एका वाफ्याचे काठीने तीन भाग पाडा. आज एका भागात दीड चहाचा चमचा मेथी टाका, दहा दिवसांनी दुसऱ्यात, त्यानंतर दहा दिवसांनी तिसऱ्यात. तिसरा भाग पेरून आठ-दहा दिवस होतात न होतात तोच पहिला खुडायला येतो. तो मोकळा झाला की थोडे खत मिसळून पुन्हा पेरा. एवढ्याशा वाफ्यातून माघापर्यंत मेथी चालते. कोथिंबिरीचेही असेच करा. तिला मात्र धने हलक्या हाताने रगडून दोन फोडी कराव्या लागतात आणि रात्रभर भिजत घालावे लागतात. आख्खे धने टाकून "उगवलेच नाहीत" म्हणणारे दर गावात भेटतात.

पालकाला तुकडे पाडायची गरज नाही. 'ऑल ग्रीन' जातीचा पालक अर्ध्या वाफ्यात ओळीने पेरा. महिन्या-सव्वामहिन्याने जमिनीपासून दोन बोटे ठेवून कापा, पुढे दर पंधरा-वीस दिवसांनी नवी कापणी मिळते. कापणीनंतर एक चहाचा चमचा युरिया बादलीभर पाण्यात विरघळवून ओळींच्या मधून द्या. जानेवारी सरत आला आणि दिवस मोठा होऊ लागला, की पालक मधून दांडा काढतो. मग त्याला कितीही पाणी घाला, पान मिळत नाही. उपटावा आणि जनावराला टाकावा. उरलेल्या अर्ध्या वाफ्यात शेपू, चुका आणि चंदनबटवा घाला. या भाज्या बाजारात कमी येतात, पण घरच्या म्हाताऱ्यांच्या तोंडाला त्यांनी चव येते. करडईची आणि हरभऱ्याची भाजी रानातूनच मिळते, तिच्यासाठी परसात जागा अडवू नये.

गाजराने पुष्कळ जणांना निराश केले आहे, म्हणून त्याच्यावर जरा थांबतो. गाजराचे बी बारीक, केसाळ आणि आळशी. उगवायला आठ ते बारा दिवस घेते आणि तेवढे दिवस वरची अर्धा इंच माती एकदाही सुकता कामा नये. एक दिवस सुकली, की कोंब आतल्या आत मरतो. म्हणून बी चौपट वाळूत मिसळून, वीतभर अंतरावरच्या ओळींत, नखाएवढे खोल पेरा आणि वर ओले पोते पसरून ठेवा. पाणी पोत्यावरूनच झारीने द्या. पाचव्या दिवसापासून रोज संध्याकाळी पोते उचलून पाहा. हिरवे टोक दिसले, की त्याच संध्याकाळी पोते काढा. दुपारच्या उन्हात काढलेत तर कोवळे कोंब करपतील. तीन आठवड्यांनी विरळणी करा, दर तीन बोटांवर एक रोप ठेवा. बायकांना विरळणी करवत नाही, उगवलेले रोप उपटायला जीव होत नाही, हे मी जाणतो. पण न उपटलेल्या गर्दीतून फक्त सुतळीसारखी मुळे निघतात. लालसर 'पुसा केसर' आपल्याकडे चांगले येते. त्याला ९० ते १०० दिवस लागतात.

मुळा याच्या अगदी उलट. टाकला की चौथ्या दिवशी वर, आणि चाळीस-पंचेचाळीस दिवसांत ताटात. ऑक्टोबर ते डिसेंबर 'जपानीज व्हाईट', त्यापुढे 'पुसा हिमानी'. गाजराच्या वाफ्याच्या वरंब्यावर मुळा लावला, तर गाजर मोठे होईपर्यंत तो निघूनही जातो. चार झाडे ठेवून द्या, डिंगऱ्यांची भाजी होते. बिटाच्या एका बियात दोन-तीन कोंब असतात, त्यांची विरळणी विसरू नका.

एक वाफा पुरता लसणाला द्या. हे माझे आग्रहाचे सांगणे आहे, कारण लसूण महाग होतो तेव्हा फारच होतो आणि तो टिकतो. 'गोदावरी' जातीच्या किंवा घरच्या चांगल्या गड्ड्याच्या बाहेरच्या ठसठशीत पाकळ्या घ्या, टोक वर करून चार बोटे अंतरावर टोचा. एका वाफ्यात अडीचशे-तीनशे पाकळ्या बसतात आणि चार-पाच किलो लसूण निघायला हरकत नाही. ऑक्टोबरअखेर लावला की फेब्रुवारीअखेर-मार्चला काढणी. शेवटचे पंधरा-वीस दिवस पाणी तोडा. शेजारच्या वाफ्यात कोंब आलेले कांदे पातीसाठी आणि 'एन-२-४-१'ची थोडी रोपे.

कोबीसाठी 'गोल्डन एकर'. एका वाफ्यात दीड फुटावर दोन ओळींत दहा रोपे बसतात. बी टाकून वेळ घालवण्यापेक्षा रोपवाटिकेतून महिन्याची रोपे आणा आणि संध्याकाळी लावा. मधल्या जागेत नवलकोल, तो आधी निघतो. फ्लॉवर आणि वाटाणा मात्र मी पाव गुंठ्यात लावू नका असेच म्हणतो. फ्लॉवरचे एक झाड दोन-अडीच महिने जागा अडवते आणि एका वेळची भाजी देते. त्याच्या जातीही थंडीच्या मापाने ठरलेल्या असतात. लवकरची जात उशिरा लावली, तर सुपारीएवढा गड्डा धरते. उशिराची लवकर लावली, तर नुसती पाने वाढतात. वाटाण्याच्या एका वाफ्यातून दोन-चार वेळच्या शेंगा निघणार, त्या बाजारातून आणाव्यात. आठव्या वाफ्यात वांग्याची चार, टोमॅटोची चार आणि मिरचीची चार तयार रोपे. कुंपणालगत झुडपी वाल, न्हाणीच्या तोंडाशी अळू.

सगळ्या वाफ्यांत रोपे चार बोटांची झाली, की ओळींच्या मधून सोयाबीनचे भुसकट दोन बोटे जाडीचे पसरा. दुपारी वाफ्यातले भुसकट बाजूला सारून मातीला हात लावून पाहा, गारवा कळेल. पाण्याची बचत होते आणि खुरपणीही.

रोग-किडीपेक्षा मला जास्त भीती वाटते ती शेतातल्या पंपाची. आता हे नीट ऐका. तुरीवर, सोयाबीनवर मारायचे औषध घरात असते, पंप असतो, आणि कोबीवर अळी दिसली की उरलेले टोपणभर मारून टाकायचा मोह होतो. शेतातले पीक औषध मारल्यावर कित्येक दिवसांनी, कित्येकदा महिन्यांनी घरात येते. परसातली मेथी त्याच संध्याकाळी पोरांच्या ताटात जाते. पालेभाजीवर शेतातले औषध मारायचे नाही, म्हणजे नाही. आणि ज्या पंपातून कधी तणनाशक मारले आहे, तो धुतलेला असला तरी परसात आणू नका. आमच्या भागात एका घरची वांगी, टोमॅटो आणि वाल चार दिवसांत पिळवटून गेले. मुलाने धुतलेल्या पंपातून नुसते पाणी फवारले होते.

मग अळीचे काय? कोबीला बारीक हिरवी अळी पडते, चौकोनी ठिपक्याच्या पतंगाची. ती पानाला खिडक्या पाडते. कोबीच्या दोन्ही टोकांना चार-चार मोहरीची झाडे आधीच लावून ठेवा. पतंग मोहरीवर अंडी घालणे पसंत करतो. त्या झाडांवरच्या अळ्या चिरडा. शिवाय ५० ग्रॅम निंबोळ्या कुटून एक लिटर पाण्यात रात्रभर भिजवा, सकाळी फडक्याने गाळा, हाताला फेस येईल इतका साबण कालवा आणि संध्याकाळी हातपंपाने पानांच्या दोन्ही बाजूंना मारा. दर आठ-दहा दिवसांनी. मेथी-कोथिंबिरीवर काहीच मारू नका. पीठ पडल्यासारखी भुरी दिसली, तर तेवढा भाग लवकर खुडून मोकळा करा. तीन तुकडे केलेले असले, की एक तुकडा गेल्याचे दुःख वाटत नाही.

पालेभाजी शिजवून पाणी फेकू नये, हे माउल्यांना मी काय सांगावे. पण दोन गोष्टी सांगतो. ताटात पालेभाजीबरोबर लिंबाची फोड किंवा कच्चा टोमॅटो असू द्या, त्याने भाजीतले लोह अंगी लागते. आणि जेवल्याबरोबर चहा घेऊ नका, तो घेतला की लोहाचा बराचसा भाग वाया जातो. तासाभराने घ्या.

तारखांची अडचण असेल, तर भोगीपासून मागे मोजा. दसरा-दिवाळी पंचांगाप्रमाणे मागेपुढे होतात, भोगी मात्र १३ जानेवारीला, फार तर १४ ला. त्या दिवशीच्या भाजीला गाजर, वाल, वांगी, हरभऱ्याचे सोलाणे लागतात. सोलाणे आणि बोरे रानातून येतील. गाजर घरचे हवे, तर शंभर दिवस मागे जा, म्हणजे ५ ऑक्टोबरला ते पेरलेले असले पाहिजे. झुडपी वाल ऑक्टोबरअखेर टोकला तरी शेंगा धरतो. वांग्याची रोपे मात्र त्याआधीच लागली पाहिजेत. जिल्ह्याच्या पूर्वेकडे येळवशीची भज्जी करतात, ती भोगीच्या आधी येते. तिकडच्या वाचकांनी त्या वर्षीची दर्श अमावास्या पाहून दिवस मागे मोजावेत.

सुरुवातीची तारीख सगळे सांगतात, मी बंद करायची तारीखही सांगतो. १५ जानेवारीनंतर नवे काही पेरू नका. मार्चमध्ये ऊन तापले, की त्याच वाफ्याला दीडपट पाणी लागते आणि मे महिन्यात त्याहून जास्त, आणि तेव्हा आपल्या घागरी रिकाम्या असतात. फेब्रुवारीअखेर गाजर, बीट, कोबी काढून घ्या, लसूण सुकू द्या. आठ वाफ्यांतले सहा मोकळे करून उन्हात तापू द्या. वांगी-मिरचीचा वाफा आणि अळू एवढेच न्हाणीच्या पाण्यावर ठेवा, बाकीचे पाणी शेवग्याला आणि कढीपत्त्याला. मेथीची दहा-बारा झाडे आणि पालकाची चांगली दोन झाडे मात्र उपटू नका. ती बियाला सोडा, वाळल्यावर झोडून बी राखेत घोळा आणि बाटलीत भरून वर चिठ्ठी लावा : कोणते बी, कोणत्या महिन्यात धरले. चिठ्ठी शाळेत जाणाऱ्या मुलीकडून लिहून घ्या. ऑक्टोबरात ती बाटली कुठे ठेवली, हे तिच्याच लक्षात राहते.